दुव्यांची सूची आणि सूचीकाराचे दायित्व : फाइल-विनिमयाच्या शोधयंत्रांचा इतिहास

प्रस्तावना

ग्रंथालयाची तालिका म्हणजे ग्रंथ नव्हे, ही गोष्ट ग्रंथालयशास्त्राच्या नवख्या विद्यार्थ्यालाही सांगावी लागत नाही. तालिकापत्रावर ग्रंथनाम, ग्रंथकर्ता, वर्गांक आणि दाखल क्रमांक असतो. पत्र हरवले तरी ग्रंथ जागेवर राहतो आणि ग्रंथ हरवला तरी पत्र आपल्या खणात निमूटपणे पडून राहते. इतकी साधी वाटणारी ही बाब इ. स. २००० नंतरच्या दोन दशकांत अमेरिका, इंग्लंड, स्वीडन, नेदरलँड्स आणि भारत या देशांतील न्यायालयांपुढे अत्यंत कठीण प्रश्नाच्या रूपाने उभी राहिली. ज्याच्याजवळ एकही गाणे किंवा चित्रपट नाही, ते कोठून मिळेल याची नोंद मात्र आहे, अशा सूचीकाराचे दायित्व कोणते, असा तो प्रश्न होता.

प्रस्तुत लेखात सर्वसामान्य वापरकर्त्यांनी पुरविलेल्या फाइल-दुव्यांची शोधयंत्रे कशी निर्माण झाली, ती कोणत्या गरजेतून वाढली आणि न्यायालयांनी त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. या विषयावरील बहुतेक लेखन चौर्य विरुद्ध स्वातंत्र्य या दोन टोकांत विभागलेले आढळते. येथे लक्ष दिले आहे ते सूचीकरणाच्या श्रमाकडे. दुवे तपासणे, त्यांचे वर्गीकरण करणे, खोटे आणि मृत दुवे काढून टाकणे या कामामुळेच या सूची विश्वासार्ह झाल्या. आणि पुढे हेच काम त्यांच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरले.

यंत्राने केलेली यादी

इंटरनेटवरील पहिले शोधयंत्र मजकुराचा शोध घेणारे नव्हते, फाइलींचा शोध घेणारे होते, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या लक्षात नसते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज या मूळच्या बार्बाडोसच्या तरुणाने १९९० मध्ये ‘आर्ची’ ही आज्ञावली सिद्ध केली. त्या काळी विद्यापीठांचे संगणक आपल्याकडील फाइली एफटीपी पद्धतीने सर्वांना खुल्या ठेवत; परंतु कोणती फाइल कोठे आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. आर्ची ठरावीक कालावधीने या संगणकांवरील फाइलनामांच्या याद्या गोळा करी आणि त्यांत शोध घेऊ देई. फाइलीच्या आत काय आहे हे तिला ठाऊक नसे. नाव खोटे असेल तर उत्तरही खोटे. विद्यापीठांच्या छोट्या जगात नावे सहसा खरी असत, म्हणून या उणिवेचा जाच झाला नाही.

जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या अमेरिकन विद्यार्थ्याने ‘नॅपस्टर’ खुले केले, तेव्हा मूळ कल्पना फारशी बदललेली नव्हती. वापरकर्त्याने नॅपस्टर सुरू केले की त्याच्या संगणकातील एमपीथ्री फाइलींच्या नावांची यादी मध्यवर्ती संगणकाकडे जाई. दुसऱ्या कोणी गाण्याचे नाव शोधले की यादीतून जुळणारी नावे दाखविली जात आणि गाणे मात्र एका वापरकर्त्याच्या संगणकावरून थेट दुसऱ्याच्या संगणकावर उतरे. नॅपस्टरच्या संगणकांतून एकही गाणे जात नव्हते. तरीही डिसेंबर १९९९ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा लावला आणि जुलै २००० मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी कंपन्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने त्यात काही फेरफार सुचविले. परंतु मध्यवर्ती यादी नॅपस्टरच्या ताब्यात आहे, त्यातील नावे काढून टाकण्याचे सामर्थ्य तिच्याजवळ आहे, म्हणून जबाबदारीही तिच्याकडे येते, हा गाभा कायम ठेवला. १९८४ च्या सोनी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ रेकॉर्डर बनविणाऱ्याला जे संरक्षण दिले होते, ते येथे पुरेसे पडले नाही. रेकॉर्डर एकदा विकला की निर्मात्याचा त्याच्याशी संबंध संपतो. यादी मात्र रोज चालवावी लागते.

त्यानंतरचे काही महिने मोठे उद्बोधक आहेत. कंपन्यांनी गाण्यांची नावे द्यावीत आणि नॅपस्टरने ती गाळावीत, असे ठरले. वापरकर्त्यांनी गायकांची नावे मुद्दाम चुकीच्या वर्णलेखनाने लिहावयास सुरुवात केली. गाळणी नावावर चालत होती आणि नाव बदलणे कोणाच्याही हातात होते. जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली. नाव हे वस्तूची ओळख पटविण्याचे अत्यंत दुबळे साधन आहे, हा धडा न्यायालयाला तसाच तंत्रज्ञांनाही मिळाला.

ठसा, दुवा आणि माणसे

नॅपस्टरनंतर दोन वाटा फुटल्या. पहिल्या वाटेने मध्यवर्ती यादीच नष्ट केली. मार्च २००० मध्ये आलेली ‘नुटेला’ आणि २००१ पासूनची ‘कझा’ यांत शोधाचा प्रश्न संगणकाकडून संगणकाकडे पसरत जाई. जबाबदार धरण्यास मध्यभागी कोणी नाही, हा लाभ होता. तोटा असा की तपासणारेही कोणी नाही. लोकप्रिय गाण्यांच्या नावाखाली गोंगाट, अर्धवट किंवा मुद्दाम बिघडविलेल्या फाइली सोडल्या जाऊ लागल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकशास्त्रीय अभ्यासात कझावरील नव्या व लोकप्रिय गाण्यांच्या निम्म्याहून अधिक प्रती अशा दूषित असल्याचे आढळले. ज्या बाजारात माल पारखणारा दलालच नाही, त्या बाजाराची गत याहून निराळी होणे शक्य नव्हते.

दुसरी वाट या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. २००० मध्ये जेड मॅकेलेब यांनी ‘ईडाँकी २०००’ ही प्रणाली आणली. तिच्यात प्रत्येक फाइलीच्या आशयावरून गणिती पद्धतीने १२८ बिटांचा एक ठसा काढला जाई. फाइलीचे नाव काहीही ठेवा, आशय तोच असेल तर ठसा तोच. आशयात एक अक्षर बदलले तरी ठसा पार वेगळा. फाइलीचे नाव, आकारमान आणि हा ठसा एकत्र करून एक ओळीचा दुवा तयार होई. दुवा कागदावर लिहून कोणालाही देता येत असे. दुव्यात फाइल कोणाकडे आहे याचा उल्लेख नसे. ‘या ठशाची वस्तू जेथे असेल तेथून आणा’ एवढाच त्याचा अर्थ असे. ग्रंथालयशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर दाखल क्रमांक गेला आणि ग्रंथाची आशयाशी बांधलेली खूण आली.

मात्र ठसा पाहून माणसाला काहीच कळत नाही. अमुक ठशाची फाइल खरोखर तोच चित्रपट आहे का, चित्र स्पष्ट आहे का, ध्वनी कोणत्या भाषेत आहे, हे कोणीतरी उतरवून, पाहून सांगावे लागते. या गरजेतून दुव्यांची संकेतस्थळे जन्मास आली. स्वित्झर्लंडमधून चालणारे ‘शेअररिअ‍ॅक्टर’ हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. तेथे लोकांनी दिलेला दुवा तपासून मगच नोंद होत असे आणि नोंदीसोबत वर्णन असे. मार्च २००४ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या कारवाईने ते बंद पडले.

याच सुमारास ब्रॅम कोहेन यांची ‘बिटटॉरेंट’ पद्धती रुजली होती. जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत मोठ्या फाइलीचे लहान तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्याचा ठसा आणि देवाणघेवाण जुळवून देणाऱ्या संगणकाचा पत्ता एका छोट्या ‘टॉरेंट’ फाइलीत लिहिलेला असतो आणि फाइल घेणारा प्रत्येकजण मिळालेले तुकडे त्याच वेळी इतरांना देत राहतो. मागणी वाढली की पुरवठाही वाढतो. वैध कामासाठी, विशेषतः लिनक्स कार्यप्रणालीच्या प्रती वाटण्यासाठी, ही पद्धती प्रारंभापासून उपयोगात आली. परंतु कोहेन यांच्या मूळ रचनेत शोधाची सोयच नव्हती. टॉरेंट फाइल मिळाली तर पुढचे सारे सुरळीत. ती मिळवायची कोठून, यावर प्रणाली मौन बाळगत होती. ही रिकामी जागा दुव्यांच्या सूचींनी भरून काढली.

स्लोव्हेनियातील ‘सुप्रनोव्हा’ ही त्यांतील पहिली मोठी सूची. वापरकर्ते टॉरेंट पाठवीत. नियंत्रक म्हणून काम करणारे स्वयंसेवक ते पाहून स्वीकारीत किंवा नाकारीत. ज्यांच्या नोंदी सतत खऱ्या निघत, त्यांना तपासणीविना नोंद करण्याची मुभा मिळे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २००३-०४ मध्ये या व्यवस्थेचे अनेक महिने निरीक्षण केले. नियंत्रकांमुळे बनावट फाइलींचा उपद्रव परिणामकारकपणे रोखला जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी अभ्यासलेल्या एका फाइलीच्या बाबतीत ५३,८८३ वापरकर्त्यांपैकी केवळ ९,२१९, म्हणजे सुमारे १७ टक्के, काम झाल्यावर तासाभराहून अधिक काळ इतरांना देण्यासाठी थांबले होते. बाकीचे आपले काम होताच निघून गेले. दुवा मरतो तो असा. म्हणून मृत दुवे वेचून काढणे हे सूचीकाराचे नित्यकर्म झाले. शेतातील तण काढण्यासारखे हे काम कधी संपत नाही आणि कोणाच्या डोळ्यांत भरतही नाही.

१९ डिसेंबर २००४ रोजी सुप्रनोव्हा बंद झाली. काही आठवड्यांतच, जानेवारी २००५ मध्ये, नेदरलँड्समध्ये ‘मिनिनोव्हा’ उभी राहिली. एक सूची मोडावी आणि तिच्या वापरकर्त्यांनी दुसरी उभारावी, हा क्रम पुढे अनेकदा दिसतो.

बिटटॉरेंटपेक्षा वेगळ्या ठिकाणीही नेमकी हीच घटना घडली. स्वित्झर्लंडमधील ‘रॅपिडशेअर’ ही कंपनी फाइली साठवून त्यांचा दुवा देत असे. पण तिने स्वतःकडील फाइलींत शोध घेण्याची सोय जाणीवपूर्वक दिलेली नव्हती. परिणामी तिच्या दुव्यांचे संग्रह आणि त्या संग्रहांत शोध घेणारी यंत्रे बाहेर वाढली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ ऑगस्ट २०१३ रोजी दिलेला निर्णय या संदर्भात लक्षणीय आहे. आपल्याकडे साठविलेल्या बेकायदा प्रती शोधण्यासाठी कंपनीने असे बाह्य दुवेसंग्रह नियमितपणे तपासले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. ज्या सूचीच्या आधारे वापरकर्ता माल शोधी, तीच आता पहारेकऱ्याची वही झाली. ३१ मार्च २०१५ रोजी रॅपिडशेअरने आपली सेवा थांबविली.

न्यायालयांपुढील सूची

सूचीकारांचा बचाव सर्वत्र एकच होता : जे गूगल करते तेच आम्ही करतो. या बचावाला कायद्याचा आधार नव्हता असे नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात माहितीचे स्थान दाखविणाऱ्या साधनांना, म्हणजे दुवे आणि शोधयंत्रे यांना, तक्रार येताच नोंद काढून टाकण्याच्या अटीवर संरक्षण दिलेले होते. युरोपीय संघाच्या २००० च्या ई-वाणिज्यविषयक निर्देशातही मध्यस्थांना सवलती होत्या.

स्टॉकहोममधील खटला या बचावाची सर्वांत गाजलेली कसोटी ठरला. ‘द पायरेट बे’ ही सूची २००३ मध्ये ‘पिराटबिरॉन’ या स्वीडिश गटाने सुरू केली होती. ३१ मे २००६ रोजी पोलिसांनी तिचे संगणक जप्त केले. तीन दिवसांत ती पुन्हा चालू झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये फ्रेडरिक नेइ, गॉटफ्रिड स्वार्थॉल्म, पीटर सुंदे आणि कार्ल लुंडस्ट्रॉम यांच्यावरील खटल्याची सुनावणी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी सरकारी वकिलांनी प्रती तयार करण्यास साहाय्य केल्याचा आरोप मागे घेतला आणि संरक्षित कृती उपलब्ध करून देण्यास साहाय्य, एवढाच आरोप ठेवला. लुंडस्ट्रॉम यांचे वकील पेर सॅम्युएल्सन यांनी मांडलेला मुद्दा ‘किंग काँग युक्तिवाद’ म्हणून ओळखला जातो. साहाय्याचा आरोप ठेवायचा तर मुख्य अपराधी कोण हे दाखविले पाहिजे. कोठल्याशा देशात किंग काँग अशा टोपणनावाने वावरणाऱ्या वापरकर्त्याशी आरोपींचा संबंध कसा जोडणार, असा तो मुद्दा. विनोदी नावामागे विचार गंभीर होता : दुवा देणारा, फाइल ठेवणारा आणि सूची चालविणारा या तीन व्यक्ती एकमेकांना ओळखतही नव्हत्या. न्यायालयाने तो मानला नाही. १७ एप्रिल २००९ रोजी चौघांना प्रत्येकी एक वर्षाचा कारावास आणि एकत्रितपणे ३ कोटी स्वीडिश क्रोनरची भरपाई असा निकाल लागला. नोव्हेंबर २०१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तिघांच्या शिक्षा कमी केल्या. भरपाईची रक्कम मात्र ४ कोटी ६० लाखांवर नेली.

कायद्याच्या दृष्टीने अधिक मार्मिक विवेचन इंग्लंडच्या ‘न्यूझबिन’ खटल्यात आढळते. सार्वजनिक चर्चेत ते मागे पडले, हे दुर्दैव म्हणावे लागेल. युजनेट या १९७९ च्या सुमारास सुरू झालेल्या संदेशव्यवस्थेत मोठी फाइल शेकडो संदेशांत विभागून ठेवली जाते. ते तुकडे हुडकून जुळविणे कष्टाचे. न्यूझबिनचे संपादक हे काम करून प्रत्येक कृतीची एक नोंद बनवीत. नोंदीत चित्रपटाचे नाव, प्रकार, भाषा आणि प्रत कशावरून घेतली आहे याचा तपशील असे. संपादकांसाठी लेखी मार्गदर्शिका होती. २९ मार्च २०१० रोजी न्यायमूर्ती किचिन यांनी न्यूझबिनला जबाबदार ठरविले. चित्रपटगृहात लपून केलेले चित्रण असा स्वतंत्र वर्ग ज्या सूचीत आहे, ती सूची आशयाबाबत अनभिज्ञ असल्याचा दावा करू शकत नाही, अशा आशयाचा तो विचार आहे. वर्गीकरण जितके सूक्ष्म, तितके अज्ञान अशक्य. त्याच्या अवघे दोन महिने आधी, जानेवारी २०१० मध्ये, त्याच देशातील ज्युरीने ‘ऑइंक’ या संगीतसूचीच्या संस्थापकाला फसवणुकीच्या कटाच्या आरोपातून निर्दोष मुक्त केले होते. फौजदारी आणि दिवाणी खटल्यांच्या पुराव्याच्या कसोट्या भिन्न असतात हे खरे. तरी दोन निकाल शेजारी ठेवले असता सूचीकाराबद्दल समाजमनात किती संभ्रम होता, हे लक्षात येते. न्यूझबिनची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा २८ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी ‘बीटी’ या सेवापुरवठादाराला ती अडविण्याचा आदेश दिला. बालशोषणाची चित्रे रोखण्यासाठी उभारलेली यंत्रणा त्यासाठी वापरावी, असे ठरले.

अमेरिकेत २००५ च्या ग्रॉक्स्टर निर्णयाने प्रवृत्त करण्याचे तत्त्व प्रस्थापित झाले होते. कॅनडातील गॅरी फंग यांच्या ‘आयसोहंट’ला ते लावण्यात आले. सर्वाधिक कमाई करणाऱ्या २० चित्रपटांची यादी देऊन त्यांचे टॉरेंट पाठविण्याचे आवाहन तेथे केले जाई आणि अडलेल्या वापरकर्त्यांना फंग स्वतः उत्तरे देत. मार्च २०१३ मध्ये अपील न्यायालयाने दायित्व कायम केले आणि १९९८ च्या कायद्याचे संरक्षण नाकारले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ११ कोटी डॉलरच्या तडजोडीनंतर आयसोहंट बंद झाले.

या मालिकेतील अखेरचा महत्त्वाचा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाचा. २०१४ च्या स्वेन्सन निर्णयात, सर्वांना खुल्या असलेल्या मजकुराचा दुवा देणे म्हणजे नव्या लोकांपर्यंत तो प्रसारित करणे नव्हे, असे याच न्यायालयाने म्हटले होते. १४ जून २०१७ च्या झिग्गो निर्णयात मात्र पायरेट बेच्या चालकांना प्रसारणकर्ते मानले गेले. त्यासाठी दिलेली कारणे अशी : चालक सूची तयार करतात, कृती योग्य वर्गात आहे की नाही ते पाहतात, कालबाह्य आणि सदोष टॉरेंट काढून टाकतात. कोणत्याही ग्रंथपालाच्या कर्तव्यसूचीत ही तीनही कामे आढळतील. न्यायालयाचा निष्कर्ष त्या विशिष्ट सूचीपुरता योग्य होता, तिच्या चालकांना आपण काय करतो हे पुरते ठाऊक होते आणि ते त्यांनी कधी लपविलेही नाही. परंतु तत्त्व म्हणून पाहता त्यातून एक विचित्र प्रोत्साहन निर्माण होते. जो सूचीकार काहीच तपासत नाही तो सुरक्षित आणि जो तपासतो तो अडचणीत. वैध संग्रहांच्या चालकांनाही या प्रोत्साहनाची झळ लागू शकते.

नोंदींचे मूल्य

सूची नष्ट होते तेव्हा नेमके काय नष्ट होते? पायरेट बेच्या बाबतीत २०१२ मध्ये याचे उत्तर आकड्यात मिळाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या स्थळाने टॉरेंट फाइली जवळजवळ सोडून देऊन ‘मॅग्नेट’ दुवे स्वीकारले. या दुव्यात ४० अक्षरांचा ठसा पुरतो. बाकी माहिती इतर वापरकर्त्यांकडून मिळते. त्या वेळी एका वापरकर्त्याने सर्व म्हणजे सुमारे १६ लाख दुव्यांची संकुचित प्रत तयार केली, ती जेमतेम ९० मेगाबाइटची भरली. एका सीडीत अशा सहासात प्रती मावल्या असत्या. ज्या सूचीसाठी पोलिसांनी यंत्रे जप्त केली, तिचे भौतिक वजन एवढेच.

‘व्हॉट.सीडी’ या संगीतसूचीची कथा याच्या उलट आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑइंक बंद पडल्यावर ती निघाली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये फ्रान्समधील कारवाईनंतर तिच्या चालकांनी ती कायमची बंद करून विदा नष्ट केली. सदस्यांनी एकेका ध्वनिमुद्रणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या, त्यांचे प्रकाशनवर्ष, मुद्रणाचा प्रकार यांच्या नोंदी नऊ वर्षे केल्या होत्या. गाण्यांच्या फाइली सदस्यांच्या संगणकांवर शिल्लक राहिल्या. गेली ती तालिका. बेकायदा देवाणघेवाणीचे समर्थन न करताही हे नोंदविणे आवश्यक आहे की, जप्तीच्या कारवाईत नोंद आणि वस्तू यांत भेद करण्याची कोणतीही पद्धत कोठल्याच देशाने घडविली नाही. मिनिनोव्हाने निदान मधला मार्ग शोधला. ऑगस्ट २००९ च्या उट्रेख्ट न्यायालयाच्या आदेशानंतर तिने नोव्हेंबरमध्ये मान्यताप्राप्त वितरकांच्या नोंदी तेवढ्या ठेवून बाकी सर्व काढून टाकले आणि तशा स्वरूपात २०१७ पर्यंत तग धरली.

भारतीय संदर्भ

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ‘मध्यस्थ’ या संज्ञेत २००८ च्या दुरुस्तीने शोधयंत्रांचा स्पष्ट समावेश झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये, दुवे किंवा प्रवेश पुरविण्याच्या ओघात होणारी तात्पुरती साठवण उल्लंघन मानली जाणार नाही, असे म्हटले; लेखी तक्रार आल्यास २१ दिवस प्रवेश रोखावा आणि तोवर न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता यावा, अशी तरतूद केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये मायस्पेस प्रकरणात, मध्यस्थाला विशिष्ट कृतींविषयी प्रत्यक्ष ज्ञान असले पाहिजे, सर्वसाधारण जाणीव पुरेशी नाही, असा निर्वाळा दिला. कागदावर ही व्यवस्था बरीच समतोल दिसते.

प्रत्यक्षात मात्र भारतातील लढा सूचीकाराशी फारसा झाला नाही, कारण तो बहुधा येथे नसे. तो झाला अज्ञात प्रतिवादींविरुद्धच्या आदेशांतून आणि सेवापुरवठादारांच्या माध्यमातून. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका आदेशाचा आधार घेऊन सेवापुरवठादारांनी पायरेट बेसोबत व्हिमिओसारखी वैध संकेतस्थळेही बंद केली. जून २०१२ मध्ये न्यायालयाला, आदेश विशिष्ट पत्त्यांपुरता आहे, असा खुलासा करावा लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशान्वये दोन हिंदी चित्रपटांच्या रक्षणासाठी २,६०० हून अधिक संकेतस्थळांची यादी अडविण्यात आली, तिच्यात ‘इंटरनेट आर्काइव्ह’ही होते. महाविद्यालयीन अध्यापकांना या घटनेचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. भारतीय अंकीय ग्रंथालय प्रकल्पातील जुन्या पुस्तकांच्या प्रतिमा, ज्यांत दुर्मीळ मराठी ग्रंथही आहेत, आज अनेक अभ्यासकांना तेथेच मिळतात. त्या तेथे चढविल्या आहेत त्याही वापरकर्त्यांनीच. बंदी अल्पावधीत उठली. परंतु वादीने दिलेली यादी कोणी वाचून पाहिली होती का, हा प्रश्न उरतोच.

मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न त्याआधीच विचारला गेला होता. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटासाठी इरॉस कंपनीने अज्ञात प्रतिवादींविरुद्ध आदेश मागितला, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार दिला आणि प्रत्येक दुव्याची पडताळणी करून ती शपथेवर सादर करण्यास सांगितले. योगायोग असा की, नॅपस्टरविरुद्ध पहिला मनाई हुकूम देणाऱ्या न्यायाधीशांचे आडनावही पटेलच होते. याच प्रकरणाच्या ओघात अडविलेल्या पानावर झळकणाऱ्या सूचनेचाही विचार झाला. संरक्षित चित्रपट नुसता पाहणे हाही दंडनीय अपराध आहे, असे त्या सूचनेवरून वाटत होते. पाहणे हा अपराध नाही. परवानगीविना हानिकारक वितरण, सार्वजनिक प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे हा अपराध आहे, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले आणि सूचनेत बदल करण्यास सांगितले.

विद्यापीठीय जगाशी या विषयाचा अधिक जवळचा संबंध संशोधनपत्रिकांच्या द्वारे येतो. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाकियान यांनी सप्टेंबर २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘साय-हब’मध्ये शोधासाठी प्रकाशकांनीच प्रत्येक लेखाला दिलेला डीओआय क्रमांक वापरला जातो. सूची प्रकाशकांची, तिचा वापर मात्र त्यांच्याविरुद्ध, अशी ही रचना आहे. डिसेंबर २०२० मध्ये तीन परदेशी प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात साय-हबविरुद्ध दावा दाखल केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शासकीय उच्च शिक्षण संस्थांसाठी ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेला मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. लेख मिळण्याची अडचण ही केवळ काही कायदेभंग करणाऱ्यांची तक्रार नव्हती, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

१० एप्रिल २०१९ रोजी न्यायमूर्ती मनमोहन यांनी दिल्ली उच्च न्यायालयात यूटीव्ही प्रकरणी दिलेल्या निर्णयाने मुंबईतील सावध मार्ग बराचसा मागे पडला. ‘१३३७एक्स’सह अनेक टॉरेंट-सूचींना त्यात लबाड संकेतस्थळे ठरविण्यात आले. संकेतस्थळ मुख्यतः उल्लंघनासाठीच आहे का, चालक ओळख लपवितो का, तक्रारींना दाद देतो का, त्यावर उल्लंघनाला सोयीच्या सूची किंवा वर्गवाऱ्या आहेत का, असे निकष सांगितले गेले. अडविलेली सूची नव्या नावाने पुन्हा उभी राहते, या दोन दशकांच्या अनुभवावर न्यायालयाने गतिमान मनाई हुकमाचा उपाय योजला. या व्यवस्थेनुसार नवा पत्ता आढळताच वादी तो शपथपत्रासह सादर करतो. न्यायालयाचे संयुक्त निबंधक तो जुन्याच संकेतस्थळाचा अवतार आहे की नाही हे तपासतात. खात्री पटल्यास तो मूळ आदेशाच्या यादीत समाविष्ट होतो आणि सेवापुरवठादारांकडे पाठविला जातो.